अक्षर आणि क्षर : इंग्रजी शब्दांतलं सिलेबल ऐकताना

फळ्यावर आम्ही दोन इंग्रजी शब्द लिहून ठेवले आहेत. पहिला 'स्ट्रेंग्थ्स', दुसरा 'एरिआ'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिल्याला 9 अक्षरं लागतात, दुसऱ्याला फक्त 4. आता सांगा, यांतला मोठा शब्द कोणता? कागदावर पाहिलं तर पहिला. कानाने ऐकलं तर दुसरा. 'स्ट्रेंग्थ्स' हा तोंडातून एका झटक्यात बाहेर पडतो, त्याचं सिलेबल एकच. 'एरिआ'ची मात्र तीन, ए-रि-अ. आजचं व्याख्यान एवढ्यावर संपवलं तरी चालेल असं काहींना वाटेल. पण यामागे आपल्या शिक्षणातली आणि आपल्या समीक्षेतलीही एक जुनी गफलत दडलेली आहे. तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

गफलतीची सुरुवात शब्दापासूनच होते. सिलेबलला मराठीत आपण काय म्हणतो? 'अक्षर'. बरं, इंग्रजी वर्णमालेत 26 काय असतात? तीही 'अक्षरं'. आणि मुलाची वही पाहून आपण म्हणतो, 'अक्षर सुंदर आहे हो', तेव्हा ते तिसरंच काही असतं. म्हणजे लेखनातलं चिन्ह, हाताचं वळण आणि उच्चाराचा घटक, या तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द. देवनागरीपुरतं हे बरंचसं खपून जातं. इंग्रजीत गेलं की मात्र मोठी पंचाईत होते, कारण तिथे चिन्ह एका वाटेने जातं आणि उच्चार दुसऱ्या. म्हणून आज आम्ही मुद्दाम 'सिलेबल' हाच शब्द वापरणार आहोत. शुद्धतेच्या आग्रही मंडळींनी तासभर क्षमा करावी.

सिलेबल मोजायची शाळेतली पद्धत सगळ्यांना आठवत असेल. 'शब्दातले स्वर मोजा, तितकी सिलेबलं.' आता हा नियम तपासून पाहू. 'आयडिआ' या शब्दाच्या स्पेलिंगात तीन स्वरचिन्हं आहेत आणि सिलेबलंही तीन. नियम पास. 'मेक'मध्ये स्वरचिन्हं दोन, सिलेबल एक. 'क्यू', म्हणजे रांग, त्याच्या स्पेलिंगात चार स्वरचिन्हं, सिलेबल एक. आणि 'ऱ्हिदम', म्हणजे लय, या शब्दाच्या स्पेलिंगात त्या पाच स्वरांपैकी एकही नाही, तरी सिलेबलं दोन! लयीलाच जो नियम लागू पडत नाही, त्या नियमावर आपण लयीचं शिक्षण उभं केलं.

दुसरी पद्धत हनुवटीची. हनुवटीखाली हात धरायचा, शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितकी सिलेबलं. ही पुष्कळ बरी, कारण निदान ती डोळ्यांवर अवलंबून नाही. पण 'बटन' म्हणून बघा, इंग्रज म्हणतो तसं. दुसऱ्या भागात त्याची जीभ टाळूला चिकटलेलीच राहते आणि 'न' हाच स्वराचं काम करून जातो. हनुवटीला त्याचा पत्ताही लागत नाही. 'बॉटल'मधल्या 'ल'चं तेच. इंग्रजीत व्यंजनसुद्धा सिलेबलचा कणा होऊ शकतं. आपल्या कानाला हे चमत्कारिक वाटतं, म्हणून आपण तिथे एक 'अ' घालून 'टल' करतो. केलं तर बिघडत नाही, फक्त आपण काय करतोय हे माहीत असावं.

आता आपल्या घरात येऊ. 'कमळ' या शब्दात अक्षरं किती? तीन, क-म-ळ. आता घाईत बोलून बघा. 'क-मळ'. उच्चारात दोनच. 'पुस्तक' लिहिताना पु-स्त-क, बोलताना पुस्-तक. शेवटच्या अक्षरातला 'अ' आपण लिहितो पण बोलत नाही. लिहायला शिकलेलं मूल तीन टाळ्या वाजवेल, न शिकलेली त्याची आजी दोन वाजवेल आणि आजीचं बरोबर असेल.

यात एक गंमत आहे. 'पुस्तक'मधला 'पु' ऱ्हस्व आहे, तरी वृत्तात तो गुरू धरतात. का? तर पुढे जोडाक्षर आहे म्हणून. हा नियम आपण सगळ्यांनी पाठ केला, कारण कोणी विचारलं नाही. कारण साधं आहे. उच्चारात तो नुसता 'पु' नसतोच, तो 'पुस्' असतो. व्यंजनाने बंद झालेलं सिलेबल जड होतं. म्हणजे लिपीने जे झाकलं, ते आपल्या छंदःशास्त्राला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा 'मराठी माणसाला सिलेबल कळत नाही' हे म्हणणं आम्हांला मान्य नाही. त्याच्या कानाला ते कळतं. शाळेत जाऊन तो ते विसरतो.

अभंगाचं उदाहरण घ्या. मोठ्या अभंगात 6, 6, 6 आणि 4 अशी अक्षरं मोजतात. तिथे 'विठ्ठल' हा शब्द तीन अक्षरांचा. बोलताना मात्र आपण 'विठ्-ठल' असं दोनांतच उरकतो. कीर्तनात टाळ वाजायला लागला की हाच शब्द पुन्हा तीन होतो, शेवटचा 'ल' पूर्ण उमलतो. बोलण्यात झडलेला 'अ' गाण्यात परत येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे शेक्सपिअरकडे गेल्यावर कामाला येणार आहे.

आता इंग्रजी शब्द मराठी तोंडात आल्यावर काय होतं ते बघू. 'स्टेशन'चं कुठे 'टेसन' झालं, कुठे 'ठेसन'. 'स्टोव्ह'चा 'इस्टो' झाला. 'ग्लास'चा 'गिलास', 'फिल्म'ची 'फिलम'. ही यादी सांगितली की सभागृहात हशा पिकतो, आत्ताही पिकला. पण नीट बघा, यात केवढी शिस्त आहे. सुरुवातीला दोन व्यंजनं एकत्र आली तर तीन वाटा. एक टाकून द्यायचं, ते झालं 'टेसन'. पुढे एक स्वर उभा करायचा, तो 'इस्टो'. किंवा दोघांच्या मध्ये स्वर घालायचा, तो 'गिलास'. जपानी माणूस 'स्ट्राइक' या एका सिलेबलच्या शब्दाचं 'सु-तो-रा-इ-कु' करतो, तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणत नाही, भाषाशास्त्राचं उदाहरण म्हणतो. गावाकडच्या आजोबांच्या 'टेसन'ला मात्र हसतो. हे हसणं उच्चाराला नसतं, माणसाला असतं.

आणि जे हसतात त्यांचं तरी काय? शिकलेल्या माणसाचं इंग्रजी ऐका. 'कम्फर्टेबल' हा शब्द आपण चार सिलेबलांत म्हणतो, 'टे'वर चांगला जोर देऊन. इंग्रज तो 'कम्फ्-ट-बल' असा तिनांत उरकतो. 'व्हेजिटेबल'चं तसंच, तिकडे 'व्हेज्-ट-बल'. 'बुधवार'चा इंग्रजी शब्द दोन सिलेबलांचा, मधला 'ड' स्पेलिंगात बसून आहे, उच्चारात कधीच गेला. आपण स्पेलिंग वाचून बोलतो. 'टेसन' म्हणणारा निदान ऐकून बोलतो. दोघांत इंग्रजीच्या जवळ कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

उलट बाजूही सांगतो. 'चॉकलेट' लिहिताना चार अक्षरं. पण पोरगं दुकानात हात पुढे करून मागतं ते 'चॉक्-लेट', दोनच सिलेबलं. इंग्रज मूलही दोनांतच मागतं. तिथे कुणी शिकवलं नाही आणि कुणी चुकलं नाही.

खरी अडचण संख्येत नाहीच, ती वजनात आहे. 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफी', 'फोटोग्राफिक' हे तीन शब्द घ्या. मराठीत यांच्यातलं मूळ हलत नाही, फो-टो-ग्रा सगळीकडे ठाम. इंग्रजीत पहिल्या शब्दात आघात पहिल्या सिलेबलवर, दुसऱ्यात दुसऱ्यावर, तिसऱ्यात तिसऱ्यावर. आणि आघात जिथून उठतो तिथला स्वर विझतो. 'फोटोग्राफी' तिकडे साधारण 'फ-टॉग्-र-फी' होतं. 'बनाना'मध्ये तिन्ही ठिकाणी एकच स्वरचिन्ह आहे, पण पूर्ण उच्चार फक्त मधल्याचा, कडेचे दोन्ही नुसते श्वासापुरते. आपण मात्र सगळ्यांना समान मान देतो. पंगतीत वाढताना ते शोभतं, इंग्रजी बोलताना ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही. आपलं 'डेव्हलपमेंट' पहिल्या सिलेबलवर जोर देऊन बोललं जातं, तिकडे जोर दुसऱ्यावर. फोनवरचा परदेशी माणूस 'पुन्हा सांगा' म्हणतो, आपल्या मुलीला वाटतं तिचं व्याकरण चुकलं. व्याकरण ठीक असतं. आघात चुकलेला असतो, आणि तो तिला कुणी कधी ऐकवलेलाच नसतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद आज नको. पण एक पिढी इंग्रजी डोळ्यांनी शिकून मोठी झाली, हे आपल्यासमोर आहे.

आता साहित्याकडे वळू, कारण आजची टीका मुख्यतः आमच्याच बिरादरीवर आहे. आम्ही महाविद्यालयात असताना छंदाचा एक प्रश्न हमखास यायचा. इंग्रजी कवितेच्या ओळी दिलेल्या, त्यांच्यावर खुणा करा. आम्हांला शिकवलं होतं, 'आघात म्हणजे गुरू, आघात नाही तो लघु, मग आपलं गणवृत्तच की!' आम्ही दीर्घ दिसणाऱ्या स्वरांवर गुरूची खूण करायचो, ऱ्हस्वावर लघूची. गुण मिळायचे. वर्षभरात ती कविता एकदाही कोणी मोठ्याने वाचली नाही. ज्या मुलीने एकदा वाचायचा प्रयत्न केला, तिच्या उच्चाराला वर्ग हसला आणि हसणाऱ्यांत आम्हीही होतो. ती पुन्हा वर्गात बोलली नाही. हे सांगायला बरं वाटत नाही, पण आजचा विषय आम्ही का निवडला याचं खरं कारण तेच आहे.

'आघात म्हणजे गुरू' ही चूक का? लघु-गुरू हे काळाचं माप आहे. गुरूला लघूच्या दुप्पट वेळ. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या, लघु-गुरू-गुरू असं चार वेळा, 12 अक्षरं. तिथे अक्षराचं वजन त्याच्या घडणीवरून ठरतं, शब्द कुठलाही असो. इंग्रजीत वजन शब्दावरून आणि अर्थावरून ठरतं. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या सिलेबलवर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. स्पेलिंग तेच, माप वेगळं.

गंमत अशी की हीच चूक आपल्याआधी खुद्द इंग्रजांनी केली होती. सोळाव्या शतकात सिडनी, स्पेन्सर यांच्यासारख्या कवींना लॅटिन छंद इंग्रजीत आणायचा ध्यास लागला होता. लॅटिनमध्ये आपल्यासारखंच दीर्घ-ऱ्हस्वाचं माप. 1602 मध्ये टॉमस कॅम्पियनने यमकांविरुद्ध आणि अशा मापाच्या बाजूने पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी सॅम्युअल डॅनियलने यमकाच्या बचावाचं पुस्तक लिहून उत्तर दिलं की आमच्या भाषेची रीत आम्हांला पुरेशी आहे. कॅम्पियन स्वतः यमकांची सुरेख गाणी लिहिणारा माणूस होता! त्याच्या कानाला जे कळत होतं, ते त्याच्या सिद्धांताला कळत नव्हतं. आमची परीक्षा त्याच सिद्धांताची होती, चारशे वर्षं उशिराने.

मग इंग्रजी ओळ मोजायची कशी? प्रचलित मापाची ओळ दहा सिलेबलांची आणि पाच आघातांची. पण हॅम्लेटच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगताची पहिली ओळ मोजा. अकरा भरतात. शेवटचं एक बिनआघाताचं सिलेबल मापाबाहेर लोंबकळत राहतं. जो माणूस निर्णयाच्या काठावर थांबला आहे, त्याची ओळही ठामपणे बंद होत नाही. हा अर्थ आम्ही ओढून आणला म्हणा हवं तर. पण ज्याने दहाच मोजले, त्याच्यापुढे हा प्रश्नही येत नाही.

'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये तिसऱ्या अंकात एक शब्द पुन्हापुन्हा येतो, 'बॅनिश्ड', हद्दपार. आजच्या उच्चारात दोन सिलेबलं. पण ओळीचं माप बघितलं तर तिथे बहुतेक वेळा तीन लागतात, 'बॅ-नि-शेड'. त्या काळात भूतकाळाचा तो शेवटचा प्रत्यय कवीला हवा तेव्हा स्वतंत्र उच्चारता येत असे. दोन सिलेबलांत ती नुसती बातमी आहे. तिसरं आलं की तो शब्द ज्युलिएटच्या तोंडात लांबतो, तिला तो गिळता येत नाही. आता 'विठ्ठल' आठवा. बोलण्यात झडलेलं अक्षर टाळावर परत येतं, तसंच हे. आपल्या विद्यार्थ्याला हे एका मिनिटात कळेल, फक्त कुणी अभंगाकडून सांगितलं पाहिजे. खुद्द 'रोमिओ' हे नाव त्याच नाटकात कधी दोन सिलेबलांत बसतं, कधी तीन घेतं.

त्या काळी 'पेशन्स' तीन सिलेबलांतही चाले, 'ओशन'सुद्धा. आज दोन्ही दोनांवर आले. 'हेवन' हा दोनाचा शब्द पोपच्या काळात कवितेत सर्रास एकात दाबला जाई, आणि छापतानाही मधलं अक्षर गाळून वर स्वल्पविरामासारखी खूण करत. 'फॅमिली' आज बोलताना 'फॅम्-ली' होऊ लागली आहे. आपल्या शब्दात बोलायचं तर 'अक्षर' म्हणजे जे क्षरत नाही, झिजत नाही. इंग्रजीतलं सिलेबल क्षर आहे. ते झिजतं, परत येतं, जागेनुसार फुगतं, आकसतं. ग्रीकमधून आलेल्या 'सिलेबल' शब्दाचा मूळ अर्थही 'एकत्र धरलेलं' असाच आहे. धरलं तेवढा वेळ ते असतं.

हे इंग्रज कवींना कळत गेलं तसे त्यांनी निरनिराळे मार्ग काढले. कोलरिजने 1816 मध्ये 'क्रिस्टाबेल' छापताना प्रस्तावनेत सांगून टाकलं की या कवितेत आघात मोजले आहेत, प्रत्येक ओळीत चार, सिलेबलं सातापासून बारापर्यंत काहीही असोत. हॉपकिन्सने हाच धागा ताणून आपली वेगळी लय बांधली. ती जगापुढे आली त्याच्या मृत्यूनंतर, 1918 मध्ये, रॉबर्ट ब्रिजेसने कविता छापल्या तेव्हा. आणि ब्रिजेस स्वतः उलट दिशेला गेला, त्याने आघात सोडून सिलेबलं मोजली. पुढे मेरिअन मूर, डिलन टॉमस यांनीही सिलेबलं मोजून कविता रचल्या. आम्हांला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ती मोजणी इंग्रजी कानाला सहज ऐकू येत नाही. कवी एक गुपित शिस्त पाळतो, वाचकाला नुसती कविता मिळते. आपल्या अभंगकर्त्याची मोजणी मात्र अख्ख्या दिंडीला ऐकू येते.

हायकूबद्दल दोन शब्द. इंग्रजीत शाळाशाळांतून 5-7-5 सिलेबलांचे हायकू लिहून घेतात. पण जपानी माणूस सिलेबल मोजतच नाही, तो त्याहून लहान, मात्रेसारखा घटक मोजतो. 'हायकू' हाच शब्द इंग्रजीत दोनाचा, जपानीत तीनाचा, हा-इ-कु. सतरा सिलेबलांचा इंग्रजी हायकू म्हणूनच जपानीपेक्षा बराच ऐसपैस होतो. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला तो आकड्याला बांधून घेऊन नव्हे, तीन ओळी आणि एक क्षण एवढंच धरून. दुसऱ्याच्या भाषेतलं माप आपल्याकडे आणताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं, याचा विवेक त्यात आहे. इंग्रजी सॉनेट केशवसुतांनी आणलं, तेव्हाही चौदा ओळी आल्या, दहा सिलेबलं आली नाहीत. मराठी सुनीत पुढे बहुतांशी शार्दूलविक्रीडितासारख्या, म्हणजे एकोणीस अक्षरांच्या, आपल्याच वृत्तात नांदलं.

शेवटी एक नाव. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त एका कवितेचं शीर्षक आहे 'यशवंत राव'. लिहिताना सहा अक्षरं, आपल्या बोलण्यात यश-वंत-राव, तीन सिलेबलं. इंग्रज वाचक तिथे आपल्या सवयीने आघात देईल, आपण देणार नाही. मग ती इंग्रजी कविता कुणाच्या कानाने वाचायची? आम्हांला वाटतं, दोन्ही. इंग्रजी ओळीत मराठी नाव आलं की लय क्षणभर अडते, आणि ते अडणं कवितेचाच भाग आहे. हे ऐकायला आपल्याइतका योग्य वाचक जगात दुसरा नाही. आणि आपणच न्यूनगंडाने तोंड मिटून बसलो आहोत.

म्हणून विनंती एवढीच, विशेषतः शिक्षक मंडळींना. खुणा करायच्या आधी कविता वाचून घ्या. शब्द फळ्यावर लिहायच्या आधी टाळीवर म्हणून घ्या. 'कमळ'पासून सुरुवात करा, मग 'चॉकलेट', मग 'फोटोग्राफी'. आणि वर्गात कुणी 'टेसन' म्हणालं तर हसण्याआधी विचारा, 'तू नेमकं काय केलंस सांग बघू?' उत्तरात भाषाशास्त्राचा एक पूर्ण धडा निघेल. आमच्या वर्गात त्या दिवशी तो निघू शकला असता.

आता प्रश्न असतील तर घेऊ.